कापडी पिशवी वापरायची आणि विमानाने फिरायला जायचे, हा दुटप्पीपणा आहे का?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: कोथरूडला राहणारे चौघांचे कुटुंब आहे. बाजाराला जाताना कापडी पिशवी, गॅलरीत ओल्या कचऱ्याचे खत, बाहेर पडताना घरची पाण्याची बाटली, अशा सवयी आपण दहा वर्षे पाळत आला आहात. दर मे महिन्यात मात्र एक मोठा प्रवास होतो, आणि यंदा बँकॉक, काश्मीर आणि तारकर्ली यांपैकी एकाची निवड करायची आहे. परवा जेवताना भाच्याने टोमणा मारला, की एका विमानप्रवासात तुमच्या सगळ्या पिशव्यांचे पुण्य वाहून जाते, मग हे नाटक कशाला? तो म्हणतो ते खरे आहे का, आणि असेल तर प्रवास सोडावा की पिशवी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी गेली बावीस वर्षे पुण्यात एनर्जी ऑडिटचे काम करतो. सोसायट्या, लहान कारखाने आणि अलीकडे बरीचशी हॉटेले आणि रिसॉर्ट यांच्या विजेचा, डिझेलचा आणि पाण्याचा हिशेब तपासणे हा माझा रोजचा उद्योग आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की भाच्याचे गणित बरोबर आहे, परंतु त्याने दोन वेगळ्या वह्यांमधल्या रकमा एकाच बेरजेत घातल्या आहेत, आणि एक मोठी रक्कम तो लिहायलाच विसरला आहे.

पहिली वही धुराची. कोथरूडमध्ये जाळलेले एक लिटर पेट्रोल आणि बँकॉकमध्ये जाळलेले एक लिटर पेट्रोल या वहीत सारखेच लिहायचे, कारण कार्बन डायऑक्साइड सगळ्या वातावरणात मिसळतो आणि तो कोठून निघाला याला महत्त्व उरत नाही. दुसरी वही जागेची. तिच्यात कचरा, मैला, विहिरीचे पाणी, आवाज आणि रात्रीचा उजेड यांची नोंद होते, आणि तेथे कोठे, कोणत्या महिन्यात व किती जणांनी या तीन गोष्टींवरच सगळे ठरते. किनाऱ्यावरचा एक दिवा धुराच्या वहीत नगण्य असतो; तोच दिवा कासवाची पिल्ले बाहेर पडण्याच्या आठवड्यात जागेच्या वहीत फार मोठा होतो. पिशवी ही मुख्यतः दुसऱ्या वहीतली बाब आहे आणि विमान पहिल्या वहीतली.

आधी धुराची वही उघडू. एक लिटर पेट्रोल जाळले, की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे ऐकून बहुतेकांना शंका येते, कारण एक लिटर पेट्रोलचे वजनच पाऊण किलोच्या आसपास असते. त्यातला साधारण ६४० ग्रॅम भाग कार्बनचा असतो आणि जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू ओढून घेतो. त्यामुळे कार्बनचे १२ भाग कार्बन डायऑक्साइडचे ४४ भाग होतात. वाढीव वजन हवेतून आलेले असते. डिझेलसाठी हाच आकडा लिटरमागे सुमारे २.७ किलो, १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरसाठी सुमारे ४२ किलो, आणि आपल्या देशातल्या ग्रीडवरून येणाऱ्या विजेच्या एका युनिटसाठी सुमारे ०.७ किलो धरावा. इंधन काढणे, शुद्ध करणे आणि वाहून आणणे यात होणारा खर्च मी येथे कशातच धरलेला नाही.

आपण आकडे दिलेले नाहीत, म्हणून आपल्यासारख्या घरांमध्ये मला नेहमी दिसणारे आकडे घेतो. महिन्याला २०० युनिट वीज म्हटली, तर वर्षाला १,७०० किलोच्या आसपास. नऊ सिलिंडरांचे पावणेचारशे-चारशे किलो. घरातले एक जण रोज बारा किलोमीटर जाऊन तितकेच परत येत असेल, मोटारीत एकटेच बसत असेल आणि शहरातल्या गर्दीत गाडी लिटरला बारा किलोमीटर देत असेल, तर कामाच्या २७० दिवसांत सुमारे ५४० लिटर पेट्रोल, म्हणजे सव्वाबाराशे किलो. एकूण झाले ३,३०० किलोंच्या आसपास.

आता विमान. मुंबई ते बँकॉक हे अंतर साधारण ३,००० किलोमीटर आहे. या मार्गावर चालणाऱ्या १८० आसनांच्या विमानाला सव्वाचार तासांत नऊ ते दहा टन इंधन लागते. ते भरलेल्या आसनांमध्ये वाटले तर माणशी साठ किलोंच्या जवळपास येते. विमानाचे इंधन किलोमागे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे जाऊन-येऊन माणशी साडेतीनशे ते चारशे किलो, आणि चौघांचे सुमारे दीड टन. एका आठवड्याच्या सहलीचा हा भार आपल्या घराच्या वर्षभराच्या विजेपेक्षा थोडासाच कमी आहे. शिवाय उंचावर सोडलेले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि विमानामागे उमटणारे ढगांचे पट्टे यांमुळेही तापमानात भर पडते. तो परिणाम उड्डाणाची वेळ, उंची आणि हवामान यांवर इतका बदलतो, की मी घरगुती हिशेबात तो आकड्याने धरत नाही, परंतु विमानाची बाजू त्यामुळे हलकी होत नाही हे ध्यानात ठेवावे.

पिशव्यांचे काय? वर्षाला ५०० पातळ पिशव्या आपण नाकारता असे धरले, तर प्लॅस्टिक होते सुमारे तीन किलो आणि ते बनवताना वाचलेला कार्बन डायऑक्साइड फार तर आठ-नऊ किलो. चार लिटर पेट्रोलइतका. भाचा येथे शंभर टक्के बरोबर आहे: धुराच्या वहीत एका बँकॉकवारीची भरपाई करायला कापडी पिशवीला दीडशेहून अधिक वर्षे लागतील.

परंतु पिशवीवरची बंदी धुरासाठी आलीच नव्हती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली, तेव्हा गटारे व नाले तुंबण्याच्या कारणांत पातळ पिशव्यांचे नाव पुढे आले. पुढे महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये व्यापक प्लॅस्टिकबंदी आणली आणि जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. नाल्यातली जाळी, उकिरड्यावरच्या गाईचे पोट आणि नदीकाठची बाभूळ यांचा हिशेब जागेच्या वहीत होतो, आणि त्या वहीत आपल्या पाचशे पिशव्या पाचशेच मोजल्या जातात. तेव्हा पिशवी सोडू नये. तिच्या जोरावर विमानाचे तिकीट मात्र काढू नये.

खताची गोष्ट निराळी आहे आणि येथे भाच्याने आपल्यावर थोडा अन्यायच केला आहे. ओला कचरा डेपोत ढिगाखाली दबला, की हवेअभावी सडताना त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. चौघांच्या घरातून वर्षाला निघणारा तीनशे किलोंच्या आसपासचा ओला कचरा आपण डेपोत जाऊ देत नाही, म्हणजे दोनशे ते तीनशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार टाळता. बाल्दीतले खत ओलसर गच्च न होता भुसभुशीत राहत असेल आणि त्याला आंबूस वास येत नसेल, तरच हा हिशेब लागू होतो. वास आला तर आपल्या गॅलरीतही हवेविना सडणे सुरू झाले आहे असे समजून त्यात कोरडा पालापाचोळा मिसळावा. शिवाय उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी कचरा डेपोविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने का केली, हे पुणेकरांना सांगायला नको. खत दोन्ही वह्यांत जमेच्या बाजूला बसते.

भाचा जे लिहायला विसरला ते म्हणजे ऑफिसची मोटार. वर्षातून एकदा होणारा प्रवास डोळ्यांत भरतो, आणि रोज चोवीस किलोमीटर एकट्याने चालवलेली गाडी कोणालाच दिसत नाही, कारण ती सवय असते. वरच्या आकड्यांत ती सव्वाबाराशे किलोंची आहे, म्हणजे चौघांच्या बँकॉकवारीच्या जवळ जाणारी, आणि ती दर वर्षी होते. आठवड्यातून दोन दिवस मेट्रोने किंवा सहकाऱ्याबरोबर एका गाडीने गेलात, तर वर्षाला चार-पाचशे किलो सहज कमी होतात. वनाज ते रामवाडी मार्ग आपल्या घराजवळून जातो. ऑफिस त्या मार्गापासून लांब असेल तर गोष्ट वेगळी. स्कूटर लिटरला पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरमागे ती मोटारीच्या चौथ्या हिश्श्याइतकाच धूर सोडते. मी सोसायट्यांच्या बैठकीत हे सांगतो, तेव्हा लोक पावसाळा आणि खड्डे यांची आठवण करून देतात, आणि ते चुकीचे म्हणतात असे मला वाटत नाही. माणसाच्या हाडांचाही काही हिशेब असतो.

घरातली अशीच दुसरी न दिसणारी बाब म्हणजे छताचे पंखे. जुना साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो आणि बीएलडीसी म्हणजे ब्रशविना चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तितक्याच वाऱ्याला ३० वॉट घेतो. चार पंखे रोज दहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस चालत असतील, तर बदलल्यावर ५४० युनिट वाचतात, म्हणजे सुमारे ३८० किलो. बँकॉकचे एक माणशी जाऊन-येऊन तिकीट दरवर्षी रद्द केल्यासारखे हे आहे, आणि त्यासाठी कोणालाही मन मारावे लागत नाही. एसीचे सांगायचे तर एक अंश वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २०२० पासून नवा घरगुती एसी सुरू करताच आपोआप २४ अंशांवर लागेल अशी रचना बंधनकारक झाली ती त्यामुळेच.

गरम पाण्याच्या बाबतीत मात्र छापील सल्ल्यांपेक्षा आपल्या इमारतीची नळजोडणी पाहावी. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर हीटर आहे, तरी तिसऱ्या मजल्यावर गरम पाणी यायला पूर्ण एक बादली भरते. सकाळी घाईत कोणी ती बादली बाजूला ठेवत नाही, नळ मोकळा सोडला जातो आणि पाणी कोमट होईपर्यंत तेवढाच वेळ दात घासले जातात. काही घरांनी तर कंटाळून गिझर बसवून घेतले आहेत. वीस लिटरच्या एका बादलीचे पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागते. दहा मिनिटांच्या शॉवरला त्याच्या चौपट पाणी आणि चौपट वीज लागू शकते. त्यामुळे मी ऑडिटला गेलो, की मीटरच्या आधी बाथरूमचा नळ सोडून घड्याळ लावून पाहतो. गरम पाण्याच्या पाइपावर आवरण घातले की निम्मे भांडण मिटते.

आता काय-काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते कबूल करतो. गच्चीवर सोलर पॅनेल असतील तर विजेची रक्कम निम्म्याहून खाली येऊ शकते. मोटार सीएनजीवर किंवा विजेवर चालणारी असेल तर तीही बदलते. विमानात मोठ्या आसनांच्या वर्गाने गेल्यास तितक्याच जागेत कमी माणसे बसतात, म्हणून माणशी धूर दुपटी-तिपटीने वाढतो. आणि आपण आजारी आईवडिलांना भेटायला विमानाने जात असाल, तर त्याला मी सुट्टीच्या खात्यात धरणार नाही; तो हिशेब करणे मला अशोभनीय वाटते.

प्रवासाच्या साधनांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, की विमान वाईट आणि मोटार बरी. गाडीत किती माणसे बसली आहेत हे कळल्याखेरीज असे म्हणता येत नाही. मुंबई ते गोवा घ्या. लिटरला पंधरा देणारी पेट्रोलची गाडी पावणेसहाशे किलोमीटरांत सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. चौघे असाल तर माणशी बावीस-तेवीस किलो, एकटे असाल तर सगळे नव्वद आपले. त्याच अंतरासाठी विमानात माणशी सुमारे ५० किलो होतात, कारण जवळच्या उड्डाणात उंची गाठण्यासाठीच बरेच इंधन जाते. म्हणजे चार जणांची गाडी विमानापेक्षा चांगली आणि एकट्याची गाडी विमानापेक्षा वाईट. रेल्वेने हेच अंतर गेल्यास माणशी आठ-दहा किलोंच्या आत भागते. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाल्यापासून डिझेलचाही प्रश्न राहिला नाही. भरलेली एसटी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर देते आणि चाळीसेक माणसे वाहते. तिचाही आकडा रेल्वेच्याच शेजारी बसतो. एसटीच्या खिडकीच्या काचेचा खडखडाट आमच्या हिशेबात कोठेच येत नाही, हे एक बरे आहे.

याच पद्धतीने आपले तिन्ही पर्याय मांडतो. बँकॉक चौघांचे दीड टन, हे वर आले. काश्मीरला मुंबईहून विमानाने गेलात तर चौघांचे जाऊन-येऊन एक टनाच्या आसपास. रेल्वेने जायचे तर पुण्याहून झेलम एक्सप्रेस जम्मूकडे जाते आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वे सुरू झाली आहे. या मार्गाने चौघांचे अडीचशे-तीनशे किलो होतात, परंतु जाता-येता मिळून चार रात्री गाडीत जातात. दोन आठवड्यांची रजा असेल तरच मी हा मार्ग सुचवीन. आठवडाभराच्या रजेत तो केला तर मुले डब्यातच सुट्टी संपवतील. तारकर्लीला आपल्या मोटारीने जाऊन-येऊन आणि तेथे फिरून सुमारे हजार किलोमीटर, म्हणजे दीडशे किलोंच्या आसपास. पनवेलहून रेल्वेने कुडाळला उतरून पुढे रिक्षा किंवा एसटी केली तर आणखी शंभर किलो वाचतील. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. मे महिन्याची कोकणातली तिकिटे किती मिनिटांत संपतात हे आपल्याला माहीत असेलच, म्हणून तारीख आजच ठरवावी.

धुराच्या वहीत तारकर्लीचा आकडा बँकॉकच्या एक दशांश आहे. आता येथेच थांबून तारकर्लीला निघालात, तर दुसरी वही उघडायची राहील, आणि माझ्या मते जवळच्या सहलींत सगळ्यात मोठी चूक हीच होते. जवळ गेलो म्हणजे पर्यावरणाला जपले, असे मनात धरून आपण मे महिन्यात, शनिवार-रविवार गाठून, सगळे एकाच किनाऱ्यावर उतरतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मला कोकणातल्या एका समुद्राकाठच्या रिसॉर्टने बोलावले होते. तक्रार विजेची होती: विहिरीवरचा पंप दिवसाला अकरा तास चालत होता आणि मालकाच्या मते तो जुना झाला होता. मी विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहिलो तर पंप मधूनमधून गुरगुरत हवा घेत होता. पाण्याची पातळी फूटव्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे पंपाच्या पाइपाच्या तळाशी असलेल्या झडपेपर्यंत, खाली गेली होती, पंप पाण्याऐवजी हवा ओढत होता आणि टाकी भरत नाही म्हणून नोकर त्याला बंद करत नव्हता. पंप ठणठणीत होता. वर पोहण्याचा तलाव काठोकाठ भरलेला आणि खोल्यांमधून रोज चादरी धुवायला जात होत्या. शेजारच्या आजींनी मला त्यांच्या विहिरीचे पाणी तांब्यात काढून दिले आणि म्हणाल्या, “पिऊन बघा, मचूळ लागतंय की नाही.” लागत होते. समुद्राजवळच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरून जास्त उपसा झाला, की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा चढलेले पाणी एका पावसाळ्यात पुरते उतरेलच असे नाही. ज्या कोकणात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथेच एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतात, कारण जांभ्याच्या भेगांतून आणि उतारावरून ते पाणी समुद्राला मिळालेले असते. आपण सुट्टीला जातो तो नेमका तोच महिना.

मैल्याचेही तसेच. जांभा सच्छिद्र असतो. शोषखड्डा विहिरीजवळ असेल तर खोल्या भरलेल्या आठवड्यात त्यातले पाणी कोठे जाते, हे शोधायला ऑडिटर लागत नाही.

जिवंत प्राण्यांच्या बाबतीत वेळ आणखी महत्त्वाची ठरते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू झाले. अंडी सुरक्षित कुंपणात हलवतात, पिल्ले बाहेर यायच्या दिवसांत त्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहतात. निघालेली पिल्ले समुद्रापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात आणि ती आपली आपण चालत जातात. रात्री निघालेले पिल्लू मात्र जिकडे क्षितिज अधिक उजळ तिकडे वळते, म्हणून किनाऱ्यावरच्या दिव्यांनी ते चुकून गावाकडे जाऊ शकते. वेळासमध्ये पाहुणे गावातल्या घरांत राहतात, घरचेच जेवतात आणि तो पैसा गावात राहतो. कासवाचे घरटे लुटण्यापेक्षा राखणे परवडते, हे गावाला दिसले. प्रवाशांमुळे जागेच्या वहीत जमा झाल्याचे हे एक उदाहरण आहे, म्हणून प्रवासच करू नका असे मी कधीच सांगत नाही. याच्या उलट भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाआधी काजवे पाहायला होणारी गर्दी. नर-मादी काजवे एकमेकांना उजेडाच्या खुणांनी शोधतात, आणि आपण गाड्यांचे दिवे व मोबाइलचे टॉर्च घेऊन त्यांच्यामध्ये उभे राहतो. जे पाहायला गेलो तेच आपल्या उजेडात विझते. कास पठारावर रोजच्या प्रवाशांना मर्यादा घालून नोंदणी ठेवावी लागली तीही याच कारणाने. तेथे जायचे तर मंगळवार-बुधवार गाठावा, एवढेच सांगतो.

तारकर्ली-मालवणला गेलात तर दोन गोष्टी पाहाव्यात. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि स्नॉर्केलिंग करताना दम लागला की माणूस पायाखाली जे लागेल त्यावर उभा राहतो. ते बहुधा प्रवाळ असते. पोहता न येणाऱ्यांनी होडीची दोरी धरून तरंगावे आणि पाय खाली टाकू नयेत. दुसरे म्हणजे गाडी वाळूवर नेऊ नये, मग इतर पन्नास गाड्या तेथे असल्या तरी. भरतीत रुतलेली गाडी दिसते. तिच्या चाकांखाली गेलेले खेकडे दिसत नाहीत.

बँकॉकचे नक्कीच ठरले, तर तोही गुन्हा नव्हे, परंतु मग दोन-तीन वर्षांतून एकदाच आणि पाचाऐवजी दहा-बारा दिवस जावे. विमानाचा धूर राहण्याच्या दिवसांवर नाही, उड्डाणांच्या संख्येवर ठरतो. तीन लहान सहलींऐवजी एक लांब सहल केली की रक्कम तिसऱ्या हिश्श्यावर येते. आमच्या घरात गेली काही वर्षे हाच नियम आहे आणि मधल्या वर्षी आम्ही रेल्वेने पोहोचता येईल तेथेच जातो. तिकीट काढताना थोडे पैसे भरून धुराची भरपाई करण्याचा जो पर्याय दिसतो, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. धूर आज निघतो. झाड तो शोषायला कित्येक वर्षे घेते, आणि तेवढी वर्षे ते जगेल याची हमी तिकिटावर छापलेली नसते. झाडे लावावीत, पण ती वेगळ्या खात्यात लिहावीत.

हॉटेलात राहताना आपल्या हातात थोडेच असते, तरी एक गोष्ट मी प्रत्येक ऑडिटमध्ये पाहतो. खोलीच्या दाराशी जी खाच असते, तिच्यात किल्लीचे कार्ड घातल्यावरच वीज सुरू होते, म्हणजे पाहुणा बाहेर पडला की एसी बंद व्हावा. दुपारी पाहुणे फिरायला गेल्यावर मी मॅनेजरबरोबर मजल्यावरून चालत जातो, तेव्हा निम्म्याहून जास्त खाचांत कोणाचे व्हिजिटिंग कार्ड, कोठलेतरी जुने सदस्यत्वाचे कार्ड नाहीतर दुमडलेला पुठ्ठा अडकवलेला असतो आणि रिकाम्या खोलीत एसी अठरा अंशांवर चाललेला असतो. हीच माणसे घरी बाथरूममधून बाहेर आल्यावर दिवा आठवणीने घालवतात. घरचे बिल आपल्याला येते आणि हॉटेलचे येत नाही, याखेरीज त्याला दुसरे कारण मला सापडलेले नाही.

म्हणून यंदा माझे मत तारकर्लीच्या बाजूने आहे, शक्यतो रेल्वेने, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्याऐवजी मुलांच्या परीक्षा संपताच एप्रिलमध्ये जमले तर फार चांगले. गर्दी कमी असते आणि विहिरींवरचा ताणही थोडा कमी असतो. खोली ठरवण्याआधी मालकाला फोनवर तीन प्रश्न विचारा: मे महिन्यात पाणी विहिरीचे की टँकरचे, शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे, आणि खोल्यांचा कचरा कोण व कोठे नेतो. घरगुती निवास चालवणारी माणसे याची उत्तरे पटकन देतात, कारण ती तेच पाणी पितात. जेथे “ते आमचा मॅनेजर बघतो” असे उत्तर आले, तेथे मी स्वतः खोली घेत नाही.

भाच्यासाठी नेमके आकडे हवे असतील, तर बारा महिन्यांचे विजेचे युनिट, वर्षाचे सिलिंडर आणि गाडीचे महिन्याचे पेट्रोल एवढे कळवा, मी आपल्या घराची वही मांडून देतो. पेट्रोल लिहिताना शनिवार-रविवारची फिरतीही धरा, कारण तीच बहुतेक जण लिहायला विसरतात.